वोदोस्लिव म्हणजे विअर की स्पिलवे?

प्रश्न: एका रशियन धरणाचा जुना रिपोर्ट इंग्रजीत करतेय. 'वोदोस्लिव' आणि 'वोदोस्ब्रोस' सारखे आलटून पालटून येतात, डिक्शनरी दोन्हीला स्पिलवे म्हणून मोकळी. मग विअर लिहायचं कुठे?

उत्तर: डिक्शनरी ठेवा बाजूला, क्रियापद बघा. स्लिव म्हणजे ओतणं, स्ब्रोस म्हणजे टाकून देणं. वोदोस्लिव म्हणजे ज्याच्यावरून पाणी ओसंडतं तो उंबरा, हायड्रॉलिक्सच्या चॅप्टरमधे आला की डोळे मिटून विअर. वोदोस्ब्रोस म्हणजे जास्तीचं पाणी काढून द्यायची अख्खी व्यवस्था, आपला सांडवा, मग त्यात उंबरा असो नाहीतर बोगदा, तो स्पिलवे. फक्त 'वोदोस्लिवनाया प्लोतिना' दिसलं तर विअर डॅम नको, ओव्हरफ्लो डॅम.

खरी फजिती विशेषणांत होते. 'पातळ भिंतीचा' तो शार्प-क्रेस्टेड, 'रुंद उंबऱ्याचा' तो ब्रॉड-क्रेस्टेड, इथवर ठीक, पण 'प्राक्तिचेस्की प्रोफिल'चं मी पहिल्यांदा चक्क प्रॅक्टिकल प्रोफाइल केलं होतं. तपासणाऱ्या इंजिनियरने काही लिहिलं नाही, समासात पेन्सिलने एसची वळणदार रेघ काढून कागद परत पाठवला. ओजी, म्हणजे एससारख्या वळणाचा उंबरा!

प्रश्न: बापरे. आणि 'वोदोबोयनी कोलोदेत्स'? मी पाणी आपटायची विहीर असं काहीतरी लावलंय.

उत्तर: शब्दशः तेच आहे, पण इंग्रजीत स्टिलिंग बेसिन, म्हणजे सांडव्याच्या पायथ्याशी पडत्या पाण्याचा जोर मोडायचा हौद. इंग्रज पाणी शांत करतो, रशियन आपटतो, काम एकच. येनिसेई नदीवरच्या सायानो-शुशेन्स्काया धरणात याच 'विहिरीचा' तळ 1985 च्या पुरात उखडला, दुरुस्त केला तर 1988 ला परत. पुढे काठाने वेगळा सांडवा काढला, 2011 ला पुरा झाला, नाव 'बेरेगोवोय वोदोस्ब्रोस'. आता बेरेग म्हणजे नदीकाठ पण आणि समुद्रकिनारा पण, त्यामुळे इंग्रजीत कोस्टल स्पिलवे असं छापलेलं सापडतं. सायबेरियाच्या पोटात समुद्र कुठून आणायचा? बँक स्पिलवे लिहा.

प्रश्न: शेवटचं, 'ब्येफ'?

उत्तर: मूळ फ्रेंच. वरचा ब्येफ म्हणजे बंधाऱ्याच्या वरच्या अंगाचं पाणी, हेडवॉटर, खालचा तो टेलवॉटर. इंग्रजी अक्षरांत तसाच ठेवू नका, ऑटोकरेक्ट त्याचं बीफ करतं.