मदत हवी आहे: काळ्या मातीवर लाकडी डेक करायचाय, सुताराची पद्धत बरोबर आहे का?

मागचं_अंगण
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरातल्या घराच्या मागच्या दाराबाहेर १२ बाय १० फुटांचा लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा, करायचाय. उंबरा जमिनीपासून ३ फूट वर आहे. माती काळीभोर, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भिंत ९ इंची विटांची. वर छप्पर नाही, आणि गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो नेमका त्याच कोपऱ्यात पडतो.

सुतार म्हणतोय: सागाचे ४ बाय ४ चे खांब दीड फूट खड्ड्यात काँक्रीटमध्ये गाडू, घराकडची बाजू भिंतीला फळी ठोकून तिच्यावर टेकवू, वरच्या फळ्या एकमेकींना भिडवून खिळे मारू आणि वॉर्निशचे तीन हात देऊ. लाकूड वखारीतून मीच आणणार आहे. यात कुठं गडबड आहे? आणि लाकूड किती लागेल?

मुरूम_खडी
साग सोडला तर बाकी सगळंच बदला.

आधी पाया. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. दीड फुटावरची माती दरवर्षी खालीवर होत राहणार आणि खांब तिच्यासोबत हलणार, तेही सगळे सारखे नाही. ओव्हरफ्लोच्या कोपऱ्यातला खांब आधी उचलला जाईल. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणा. तळाला दीड बाय दीड फूट, ८ इंच जाड फूटिंग (काँक्रीटची बैठक), त्यावर ९ बाय ९ इंचांचा पेडेस्टल (काँक्रीटचा आखूड खांब), सळयांची जाळी घालून, एम२० म्हणजे सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३ चा माल. पेडेस्टल जमिनीच्या ६ इंच वर काढा.

लोक इथं एक गोष्ट हमखास विसरतात: खड्ड्यातून निघालेली काळी माती परत पेडेस्टलभोवती भरू नका. ती फुगताना काँक्रीटला बाजूनं धरून वर ओढते, खाली मुरूम असला तरी. भोवती मुरूमच भरा, थराथरानं ठोकून. वरचा एक फूट मात्र चांगला दाबून बाहेरच्या बाजूला उतार द्या, नाहीतर त्या खड्ड्याची विहीर होते. ५ फुटांपर्यंत मुरूम लागलाच नाही, तर थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा. तिथं अंडररीम पाईलचा, म्हणजे खोल गाडलेल्या आणि तळाकडं फुगीर केलेल्या काँक्रीटच्या खांबांचा, विचार करावा लागतो.

आणि काम सुरू व्हायच्या आधी तो ओव्हरफ्लो पाईप लावून दुसरीकडं न्या. हे न करता बाकी काहीही केलंत तरी पैसे पाण्यात.

रंधा_पटाशी
भिंतीला फळी ठोकून डेक टेकवायचा नाही म्हणजे नाही. डेक कोसळतात ते बहुतेक वेळा याच सांध्यातून. भार फळीवर, फळी खिळ्यांवर, आणि खिळे विटांच्या सांध्यातल्या मालात. शिवाय फळी आणि गिलाव्याच्या मधे पाणी साचतं, तिथून लाकूड कुजतं आणि घरात ओल येते. डेक स्वतःच्या पायावर उभा करा, भिंतीपासून पाऊण इंच सुटा.

मांडणी अशी: १२ फुटांच्या दोन तुळया, एक भिंतीपासून फूटभर पुढं, दुसरी बाहेरच्या कडेपासून फूटभर आत. प्रत्येक तुळईखाली ३ खांब. तुळई म्हणजे २ बाय ६ च्या दोन फळ्या एकत्र बोल्ट केलेल्या. त्यावर २ बाय ६ चे कडीपाट (फळ्यांखालचे आडवे वासे), ६ इंची बाजू उभी ठेवून, १० फूट लांबीचे, मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंचांवर. असे १० बसतात. बाल्कनीला चौरस मीटरमागं ३०० किलो भार धरतात, त्यात हे बसतं. वर ४ इंच रुंद, १ इंच जाड फळ्यांच्या २८ ओळी. खांब, मधले ठोकळे आणि १० टक्के तुटफूट धरून साधारण २५-२६ घनफूट साग आणा. रेलिंग आणि पायऱ्यांचं लाकूड वेगळं.

वखारीत फळीची टोकं बघून घ्या. कडेचा पांढरट भाग असलेली फळी सागाची असली तरी टिकत नाही, वाळवी आधी तिथंच लागते. फक्त तपकिरी गाभा घ्या.

खिळे नकोत. लाकूड फुगून आकसलं की खिळा वर येतो आणि पायाला लागतो. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचे अडीच इंची स्क्रू, प्रत्येक सांध्यावर दोन. ५६० लागतात, ६०० आणा. आधी भोक पाडून मगच फिरवा, नाहीतर टोकाकडं फळी चिरते.

मागचं_अंगण
मनापासून आभार. फळ्यांमधे फट किती ठेवू? सुतार म्हणतो फट ठेवली की काम कच्चं दिसतं. आणि खांब काँक्रीटवर नुसते ठेवायचे का?

रंधा_पटाशी
दिसू दे कच्चं. फट महिन्यावर ठरते. एप्रिल-मे मधे बसवत असाल तर लाकूड पार सुकलेलं असतं. सप्टेंबरात ४ इंची फळी साधारण दीड मि.मी. फुगते. तेव्हा ६ मि.मी. फट ठेवा. पावसात बसवलंत तर ४ पुरे, पुढं ती आपोआप वाढते. भिडवून बसवल्या तर फुगायला जागा नाही, मग फळ्या मधे उचलतात आणि स्क्रूची मान तुटते. शिवाय भिडलेल्या सांध्यात पाणी अडकतं ते वेगळंच.

मुरूम_खडी
खांब काँक्रीटला टेकू द्यायचा नाही. पेडेस्टलमधे १६ मि.मी. ची आटे पाडलेली सळई उभी गाडा, तिच्यावर नट आणि ६ मि.मी. ची गॅल्व्हनाइज्ड प्लेट, प्लेटवर खांब. मधे २ इंच मोकळी जागा. फायदे दोन: खांबाचा तळ कोरडा राहतो आणि वाळवीची मातीची नळी वर चढली तर डोळ्याला दिसते. शिवाय एखादा पाया थोडा हललाच तर नट फिरवून डेक परत लेव्हलला आणता येतो. काळ्या मातीत ही सोय हवीच.

लोखंड_बिखंड
सांगाडा लाकडाचा कशाला? १०० बाय ५० मि.मी. ची एमएस बॉक्स (लोखंडी चौकोनी पोकळ पाईप) घ्या, वर फक्त फळ्या सागाच्या. वाळवीचा विषयच संपला.

रंधा_पटाशी
चालेल, पण बॉक्स आतून गंजते ते कुणी बघत नाही. उघडी टोकं प्लेट लावून बंद करा, खालच्या अंगाला निचऱ्याची भोकं ठेवा, वेल्डिंगवर झिंकचा प्राइमर मारा. आपले फॅब्रिकेशनवाले रेड ऑक्साइडचा एक हात फिरवून मोकळे होतात, तेवढ्यानं भागत नाही.

देवगडची_पडवी
आमची कोकणातली पद्धत तुमच्याकडे जशीच्या तशी लावू नका. आमच्याकडे लाकूड चार महिने वाळतच नाही. २० टक्क्यांच्या वर ओल टिकली की बुरशी लाकूड खायला लागते, म्हणून आम्ही छप्पर पुढं काढतो आणि खारी हवा असल्यामुळे स्क्रू ३१६ ग्रेडचे, गंजाला जास्त टिकणारे, वापरतो. तुमच्याकडे लाकडाचा शत्रू मे महिन्यातलं ऊन. ते टोकांना भेगा पाडतं आणि परतीच्या पावसाचं पाणी त्याच भेगांत शिरतं. म्हणून कापलेल्या प्रत्येक टोकाला बसवण्याआधी तेल किंवा सीलर दोनदा पाजा. कडीपाटांच्या डोक्यावर बिटुमेनची (डांबरी) टेप लावा, स्क्रूच्या भोकातून पाणी तिथंच उतरतं.

वॉर्निश नकोच. उन्हात त्याचे पापुद्रे निघतात आणि मग सगळं खरवडल्याशिवाय दुसरा हात बसत नाही. लाकडात मुरणारं, रंगद्रव्य असलेलं डेक ऑइल वर्षातून एकदा, मे अखेरीस. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

मुरूम_खडी
डेकचा माथा उंबऱ्यापेक्षा २ इंच खाली ठेवा. ३ फुटांची उंची आहे, तेव्हा रेलिंग हवंच: १ मीटर उंच, उभ्या पट्ट्यांमधे १०० मि.मी. पेक्षा कमी अंतर, आडव्या पट्ट्या नकोत, पोरं चढतात. रेलिंगचा खांब कडीपाटाला १२ मि.मी. च्या दोन आरपार बोल्टनी बांधा. कडेच्या फळीला नुसता स्क्रू करू नका.

मागचं_अंगण
तुळशी आणि कुंड्या डेकवर ठेवल्या तर चालतील ना? घरच्यांचा पहिला प्रश्न तोच आहे.

रंधा_पटाशी
तळाला अर्धा-पाऊण इंची पाय असलेल्या स्टँडवर ठेवा आणि महिन्यातून जागा बदला. कुंडी थेट फळीवर राहिली तर खालचा गोल आधी काळा पडतो, मग मऊ होतो. शंका आली की स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. सहज आत गेलं तर ती फळी बदलायची. तुळस मात्र जमिनीवर, डेकच्या बाहेरच बरी. रोज पाणी पडणार ते काळ्या मातीत, म्हणून पेडेस्टलपासून ४-५ फूट लांब ठेवा.