आमच्या धुळ्याकडचं सांगतो
वर एकांनी लिहिलंय की पैसेवाले राहायला आले की जुनी वस्ती आपोआप सुधारते. सुधारते ना, पण आधीचा भाडेकरू कुठे जातो ते पण बघा. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास बाईंनी १९६४ मध्ये लंडनबद्दल जेंट्रिफिकेशन (पैसेवाले वस्तीत येतात न जुने रहिवासी बाहेर ढकलले जातात, ते) हा शब्द वापरला तेव्हा मुद्दा हाच होता. आपलं मुंबईचं गिरणगाव घ्या, १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, मॉल न टॉवर आले.

खेड्यात जरा वेगळं होतं. आमच्या काकांचं धाब्याचं (मातीच्या सपाट छपराचं) घर पाडलं तेव्हा कोरीव सागवानी खांब एक व्यापारी चक्क जळाऊ लाकडाच्या भावात घेऊन गेला आणि आता तसलेच खांब हायवेवरच्या ‘गावरान’ हॉटेलात पॉलिश मारून उभे, लोक खाटेवर बसून भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी खातात, सेल्फी काढतात. भाकरी थापायला गावातल्याच बाया आहेत, उन्हात कापूस वेचण्यापेक्षा बरं काम, हे मान्यच. पण भाऊ, आजूबाजूला एनए (बिगरशेती) प्लॉट पडल्यापासून त्याच बायांच्या पोरांना गावात जागा घेणं परवडत नाही, दोघं तर तालुक्याला खोली करून राहतात न रोज बाईकवर गावात कामाला येतात.