अनुभव धागा: कॅमेऱ्यात मध्येच येणारा आणि मध्येच जाणारा एरर

मंडळी, गणपती तोंडावर आलेत. पावसाळाभर कपाटात पडलेले कॅमेरे आता बाहेर निघतील आणि दरवर्षीचं दुखणं सुरू होईल. स्क्रीनवर एरर येतो, बंद-चालू केला की जातो आणि दुरुस्तीवाल्याकडे नेला की येतच नाही. कायमचा बिघाड परवडला, पण हा लपंडाव नको.

तुमचे अनुभव लिहा. फक्त "एरर आला" एवढंच नको. एररचा आकडा कोणता, लेन्स कोणती, झूम कुठे होता, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) किती, हवा कशी, तेही लिहा. कारण बहुतेक वेळा त्या तपशिलातच सापडतं. कंपनीगणिक खुणा वेगळ्या असतात. कॅननमध्ये 'एरर ०१' म्हणजे लेन्स आणि बॉडीचं (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचं) बोलणं तुटलंय, '०२' म्हणजे कार्डाची अडचण. निकॉनवर 'एफ-ई-ई' दिसलं तर तो बिघाडच नव्हे. लेन्सची अ‍ॅपर्चर रिंग सर्वांत मोठ्या आकड्यावर नेऊन लॉक करा, झालं.

परळचा फोटोवाला
मी लग्नाची कामं करतो. माझा झूम हॉलमध्ये अगदी झकास चालायचा, बाहेर उन्हात वरातीला गेलो की एरर. सगळे म्हणाले, कॅमेरा तापतोय. मलाही ते पटलं होतं, पण सकाळी गार हवेत शिवाजी पार्कला काढलेल्या फोटोंतही तेच झालं. तेव्हा नोंदी काढून बसलो. हॉलमध्ये उजेड कमी, म्हणून मी एफ ४ वर, म्हणजे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. बाहेर एफ ८ किंवा ११, म्हणजे छिद्र लहान. उन्हाचा संबंध एवढाच!

मग घरी बसून एफ ८ लावलं, डेप्थ ऑफ फील्ड प्रीव्ह्यूचं बटण (फोटो न काढताच अ‍ॅपर्चर लहान करणारं) दाबून धरलं आणि झूम हळूहळू फिरवला. वाइड टोकाला अ‍ॅपर्चरची पाती अडकली आणि एरर आला. एफ ४ वर कितीही फिरवा, काही नाही. फोर्टात बोरा बाजारातल्या कारागिराने लेन्स उघडून दाखवली. अ‍ॅपर्चरकडे जाणारी फ्लेक्स केबल (पातळ, लवचीक पट्टीसारखी वायर) झूम करताना दर वेळी वाकते, त्या वाकणाऱ्या जागी नखाने ओढल्यासारखी बारीक रेघ होती. त्या जागी ताण आला की जोड तुटायचा, सरळ झाली की पुन्हा जुळायचा. केबल आणि पाती एकत्रच बदलली. तोवरची कामं एफ ४ वरच निभावली. कडक उन्हात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० ला शटर १/१६०० च्या आसपास ठेवलं की एक्स्पोजर बरोबर येतं.

गिरगावकर
माझ्याकडे "कार्ड लॉक आहे" असं अधूनमधून यायचं, तेही ऐन विसर्जनाच्या गर्दीत. एसडी कार्डाच्या कडेची ती छोटी खिट्टी सैल झाली होती, कार्ड आत सरकवताना तीही सरकायची. कार्ड बदललं, प्रश्न मिटला.

मुलुंडहून
एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढला की एरर. काचेवर दव धरतं ते दिसतं, लेन्स आणि बॉडी जोडणाऱ्या मेटल कॉन्टॅक्टवरचं दिसत नाही. आता गाडी थांबायच्या बऱ्याच आधी एसी बंद करतो आणि कॅमेरा बॅगेतच ठेवतो, बाहेरच्या हवेवर येईपर्यंत उघडत नाही. कॅमेऱ्याच्या डब्यातले ओल शोषणारे सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की बदला, नाहीतर डबा हवाबंद असून उपयोग नाही. कॉन्टॅक्ट काळपट झाले होते, तेव्हा एकाने पेन्सिलीचा खोडरबर सुचवला. जाणकार सांगतील का?

जुहूची ताई
छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा, "लेन्स एरर, पुन्हा चालू करा". चौपाटीची वाळू लेन्सच्या बाहेर येणाऱ्या नळीच्या फटीत. ब्लोअरने थोडी निघाली, पण आतली खरखर राहिलीच. नळी हाताने ओढू नका, आतल्या गिअरचे दात तुटतात.

दुरुस्तीचं काम करणारा, फोर्ट
मुलुंडकर, खोडरबर नको. सोन्याचा मुलामा झिजतो आणि त्याचा भुगा आत पडतो. कॅमेरा बंद करा, बॅटरी काढा. तंतू न सुटणाऱ्या कापडाला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, थेंब थेट टाकू नका.

आणि सगळ्यांना एक कळकळीची विनंती. नुसती बॉडी घेऊन येऊ नका. ज्या लेन्सवर, ज्या कार्डावर, ज्या बॅटरीवर एरर आला, तेच सगळं आणा. एकेक बदलून बघितल्याशिवाय दोष कुठे आहे ते कळत नाही. एरर दिसला की आधी मोबाइलवर व्हिडिओ घ्या, मगच बंद करा. कार्डाचा एरर असेल तर त्यावर आणखी फोटो काढू नका. आधीचे कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, नंतर कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.