फ्लॅट सोडताना सफाईची वाटणी: चौघी, दोन बाथरूम, एक आधीच गेलेली

गारखेड्याची_चौकडी
छत्रपती संभाजीनगर, टू बीएचके. अकरा महिन्यांचा करार ३१ मेला संपतोय. डिपॉझिट ४०,०००, प्रत्येकीचे १०,०००. मालकीणकाकूंनी सांगून ठेवलंय, घर दिलं तसं परत पाहिजे, नाहीतर सफाईचे पैसे कापणार.

मोठ्या खोलीतल्या दोघींचं बाथरूम स्वतंत्र. लहान खोलीतल्या दोघी कॉमन वापरायच्या, पण त्यातली एक ३१ मार्चलाच पुण्याला गेली. तिचे १०,००० अजून काकूंकडेच आहेत, तरी ती म्हणायलीय, "दोन महिने मी नव्हतेच, माझा काय संबंध?" राहिली तिचा मेसचा डबा, ती ओट्याला हात लावेना. दोन्ही बाथरूमच्या टाइल्सवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. एकीला एक खोली असं वाटलं तर हॉलवाली तासाभरात मोकळी होते. काय करावं?

वाटेकरी
खोल्या वाटू नका, तास वाटा. आणि घाण कुणाची, हे तीन ठिकाणीच विचारा: बेडरूम, बाथरूम आणि ओट्यावरचा तेलकटपणा. बाकी सगळं चौघींचं.

अंदाजे तास मांडतो. पंखे, जळमटं, खिडक्या ३. हॉल २. बाल्कनी १. रद्दी-भंगार काढून देणं २. स्वयंपाकघरातली कपाटं, सिंक, फरशी २. हे झाले १०, म्हणजे प्रत्येकी अडीच. सिंक सगळ्यांचं, डबा तिथंच धुतला जातो.

ओट्यामागच्या टाइल्स, शेगडी, एक्झॉस्ट फॅन यांचा तेलाचा थर ३ तास. तो फोडणी देणाऱ्या तिघींचा, एकेक तास. बाथरूम प्रत्येकी ३ तास, वापरणाऱ्या दोघींत दीड-दीड. म्हणजे मोठ्या खोलीतल्या दोघी ५-५ तास, डबावाली ४, पुण्याची ५. एकूण १९. आपापली बेडरूम याच्या बाहेर.

पुण्याची येणार नसेल तर तिच्या ५ तासांना बाई लावा, पैसे तिने द्यायचे. भाव आधी ठरवून ग्रुपवर टाका, मागाहून सांगितलेला आकडा कुणालाच पटत नाही. तिचे १०,००० अजून अडकलेत, तोवर संबंध आहेच. काकूंनी कापले तर चौघींचे कापले जातील.

माझे तास जरा इकडेतिकडे होतील. म्हणून शेतीच्या वाटणीची रीत लावा: वाटे पाडणारीने शेवटी उचलायचं. मग वाटे आपोआप सारखे पडतात.

खडूस_हिशेबनीस
पुण्याची नऊच महिने राहिली ना? मग पाचाचे नऊ अकरांश, म्हणजे चार तास धरा.

वाटेकरी
टाइल्सवरचा थर नऊ महिन्यांचा आहे, तो तिचाच. पंख्यावरची धूळ मात्र शेवटच्या दोन महिन्यांची असू शकते. एका तासासाठी भांडण नको असेल तर द्या सोडून. पण तो तास बाकी तिघींत वाटा, एकट्या डबावालीवर टाकू नका.

शहाबादी_फरशी
वाटणी झाली, आता जरा सबुरीनं घ्या. घाईत ॲसिड ओतून नुकसान झालं तर सफाईपेक्षा जास्त पैसे कापले जातील.

आधी फरशी बघा. शहाबादी किंवा कोटा असेल तर तिथं ॲसिड अजिबात नको. ही फरशी म्हणजे चुनखडीचा दगड, आणि टाइल्सवरचा पांढरा थरही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. ॲसिडला दोन्हीतला फरक कळत नाही. थेंब पडला की फसफसतं, चकाकी जाते, पांढरट डाग राहतो. तो घासून निघत नाही, फरशी पुन्हा पॉलिश करावी लागते.

भिंतीच्या सिरॅमिक टाइल्सवर पहिली फेरी लिंबूसत्त्वाची. एक लिटर कोमट पाण्यात तीन मोठे चमचे. जुनी ओढणी भिजवून टाइल्सना चिकटवा, अर्धा तास राहू द्या, मग नायलॉनच्या ब्रशनं घासा. खाली शहाबादी असेल तर ओघळ पडतील तिथं बादली धरा आणि फरशीवर पाणी ओतत रहा. नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा आणि त्याच पाण्यात ठेवा. पाण्याची धार वाकडी येत असेल तर बहुतेक वेळा खडे त्या जाळीतच असतात.

तरी निघालं नाही आणि खाली शहाबादी-कोटा नसेल, तरच दुकानातलं ॲसिड, एकास दहा पाणी. पाण्यात ॲसिड घालायचं, उलटं नाही. टाइल्स आधी ओल्या करा, म्हणजे सांध्यातलं सिमेंट ॲसिड कमी पितं. पाच मिनिटांत भरपूर पाण्यानं धुवा. नळाच्या क्रोमला लागू देऊ नका, मुलामा उडतो. हातमोजे हवेत, खिडकी उघडी हवी, आणि त्या दिवशी ब्लीचिंग पावडर बाथरूममध्ये आणायचीसुद्धा नाही. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू होतो. बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्येही हेच ॲसिड असतं, तेव्हा तिथंही तोच नियम. बाई लावाल तर हे तिला आधी सांगा, नाहीतर बाटली तशीच उपडी होईल.

गारखेड्याची_चौकडी
बाथरूममध्ये शहाबादीच आहे! बरं झालं विचारलं. ओट्याच्या तेलाला काय लावायचं?

शहाबादी_फरशी
धुण्याचा सोडा, खायचा नव्हे. लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे, त्यात थोडा भांड्यांचा साबण. दहा मिनिटं भिजू द्या आणि पुसा. एक्झॉस्ट फॅनचा प्लग आधी काढा. पाती ॲल्युमिनियमची असतील तर सोडा नको, काळी पडतात. तिथं नुसता साबण आणि गरम पाणी. ऑइलपेंटच्या भिंतीवरही सोडा ठेवू नका, रंग मऊ होऊन फडक्याला येतो.

नांदेडकर_ताई
दोन गोष्टी राहिल्या.

पाणी. आपल्याकडं नळाला रोज पाणी नाही, तेव्हा धुण्याचं काम पाण्याच्या पाळीच्या दिवशीच धरा. आदल्या दिवशी कोरडं काम: जळमटं, पंखे, कपाटं. बाथरूम सगळ्यात शेवटी, कारण फडकी आणि बादल्या तिथंच धुतल्या जातात. कूलर कुणा एकीचा असेल तर त्याच्याखालचा गंजाचा डाग तिचाच. कूलरमधलं गवत पूर्ण वाळल्यावरच बांधा, ओलं बांधलं तर खोक्यात कुजतं.

दुसरं म्हणजे काकू. सफाईच्या आधी, पाच-सहा दिवस राहिले असताना, त्यांना घर दाखवा आणि काय काय करून पाहिजे ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. उन्हानं विटलेला रंग, सैल झालेली बिजागरी ही वापरानं होणारी झीज, ती तुमच्या माथी नको. खिळ्यांची भोकं मात्र तुमची: पुट्टी भरा, वाळली की १८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा. रंगीत भिंत असेल तर वरून रंगाचा ठिगळ लावू नका, शेड जुळत नाही आणि डाग जास्तच दिसतो. आधी काकूंना विचारा.

किल्ल्या देताना महावितरणच्या मीटरच्या रीडिंगचा फोटो, आणि प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, नळ चालू करून. पुण्याच्या मैत्रिणीलाही तो पाठवा, म्हणजे पैसे कशाचे दिले ते तिला दिसेल.