पोर्ट ऑफ स्पेनमध्ये स्थानिक जेवण, वाइन आणि लोकांसोबत खाण्यापिण्याचे अनुभव : सल्ला हवा आहे

द्राक्षवेल_नाशिक

नमस्कार. यजमानांचे त्रिनिदादमधील पॉइंट लिसास औद्योगिक वसाहतीत काम निघाले असून फेब्रुवारीतले काही आठवडे आम्ही दोघे राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये राहणार आहोत. दिवसा ते कामावर असतील, परंतु संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी आम्ही मोकळे असू. नाशिकला राहत असल्यामुळे द्राक्षमळ्यात बसून, वाइन करणाऱ्या माणसांशी बोलत सावकाश जेवण्याची आम्हाला गोडी लागली आहे, आणि तशाच प्रकारे या शहराची ओळख तिथल्या लोकांसोबत खाऊनपिऊन व्हावी अशी इच्छा आहे. हॉटेलच्या उपाहारगृहात रोज तेच ते जेवून परत यायचे नाही. मी शाकाहारी आहे, अंडे चालते. यजमान मासे आणि कोंबडी खातात. वाइन चांगली कुठे मिळेल, कोणत्या भागात जेवायला जावे आणि अनोळखी माणसाला स्थानिकांच्यात मिसळून जेवता येईल अशी ठिकाणे कोणती, हे तिथे राहिलेल्या किंवा जाऊन आलेल्या कोणी सविस्तर सांगितल्यास फार मदत होईल.

दर्यावर्दी

मी या शहरात नोकरीनिमित्त बरीच वर्षे राहिलो आहे आणि मला तिथले खाणे मनापासून आवडते, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

सर्वात आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी की पोर्ट ऑफ स्पेनमधले उत्तम खाणे मुख्यतः रस्त्याच्या कडेला, उभ्याने आणि चार माणसांच्या घोळक्यात खाल्ले जाते. मित्रांनी विशेष कारण नसताना एकत्र जमून खाणे, पिणे आणि तासन्‌तास गप्पा मारणे याला तिथे 'लाइम' म्हणतात, आणि शहराचे सारे सामाजिक जीवन या लाइमभोवती फिरते. म्हणून चांगल्या उपाहारगृहांची यादी हातात घेऊन निघण्यापेक्षा लोक कोणत्या वेळी कुठे जमतात, हे समजून घेतले तर आपल्याला हवे ते आपोआप मिळेल.

सकाळची सुरुवात डबल्सने करावी. हळद घातलेल्या मऊ, तळलेल्या दोन 'बारां'मध्ये रसदार चणे घालून त्यावर चिंचेची चटणी, काकडी आणि 'कुचेला', म्हणजे किसलेल्या कैरीचे मसालेदार लोणचे घालतात. हा पदार्थ 1930च्या दशकात दक्षिणेकडील प्रिन्सेस टाउन येथे दीन आडनावाच्या कुटुंबाने विकायला सुरुवात केली, असे सर्वत्र मानले जाते, आणि आज कामगारापासून मंत्र्यापर्यंत सगळे तो एकाच गाडीपाशी उभे राहून खातात. विक्रेता तुम्हाला फक्त 'पेपर' किती, एवढेच विचारेल. हा पेपर म्हणजे मिरपूड नसून अतिशय जहाल मिरचीचा ठेचा असतो, आणि जगातील सर्वात तिखट मिरच्यांपैकी एक असलेली मोरुगा स्कॉर्पियन याच बेटावरची आहे, म्हणून कोल्हापूरचे असलात तरी पहिल्या दिवशी 'स्लाइट' एवढेच म्हणावे. एक संपले की दुसरे मागायचे आणि शेवटी आपण किती खाल्ले ते स्वतः सांगून पैसे द्यायचे, अशी पद्धत अनेक गाड्यांवर आहे. ग्राहकाच्या शब्दावर चालणारा हा व्यवहार मला त्या शहराविषयी फार काही सांगून जातो. डबल्समध्ये मांस, दूध, अंडे काहीही नसते, त्यामुळे आपली सकाळची चिंता तिथेच मिटते.

संध्याकाळी क्वीन्स पार्क सव्हानाला जावे. शहराच्या मध्यभागी असलेल्या या विस्तीर्ण मैदानाची फेरी साधारण साडेतीन किलोमीटरची आहे. ऊन उतरल्यावर लोक इथे चालायला, धावायला येतात आणि कडेला खाण्याच्या गाड्या लागतात. शहाळी, मक्याचे सूप, रोटी, भाजलेली कोंबडी, शेंगदाण्याचे घट्ट पेय असे बरेच काही मिळते. यजमानांना कालवे चालत असतील, तर तिखट आंबट रसात घातलेली कच्ची कालवे पेल्यातून देणारे विक्रेतेही या मैदानाची जुनी ओळख आहेत. मात्र ती ज्या गाडीवर गिऱ्हाईक सतत हलते आहे तिथेच खावीत.

आपण फेब्रुवारीत जात आहात, हे फारच चांगले. कार्निव्हल ॲश वेन्सडेच्या, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या बुधवारच्या आधीच्या सोमवारी आणि मंगळवारी असतो, आणि त्याआधीचे आठवडे शहरातील स्टीलपॅनची, म्हणजे पोलादी पिंपांपासून केलेल्या वाद्यांची वाद्यवृंद पथके रात्री उशिरापर्यंत आपापल्या 'पॅनयार्ड'मध्ये सराव करतात. वुडब्रुकमधील फेज टू पॅन ग्रूव्ह किंवा शार्लट स्ट्रीटवरील रेनेगेड्स यांचे अंगण पाहावे. सराव पाहायला कोणीही जाऊन उभे राहू शकते. पथकाचा स्वतःचा छोटा बार असतो, बाहेर खाण्याच्या गाड्या असतात, आणि तीच तीच ओळ शंभर वादक पुन्हा पुन्हा घोटत असताना शेजारी उभा असलेला माणूस आपण न विचारता त्या चालीचा इतिहास सांगू लागतो. अनोळखी माणसाला स्थानिकांमध्ये मिसळण्यासाठी याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. क्वीन्स पार्क ओव्हल हे क्रिकेटचे मैदानही वुडब्रुकलाच लागून आहे. 1971 साली सुनील गावसकरांनी तिथेच कसोटी पदार्पण केले, आणि शहरातील वयस्कर मंडळी भारतीय माणूस दिसला की हा विषय हमखास काढतात. गप्पांना सुरुवात व्हायला तेवढे पुरते.

एरियापिटा अव्हेन्यूविषयी आपण बरेच वाचाल. बार आणि उपाहारगृहांनी भरलेला तो रस्ता शुक्रवारी रात्री अनुभवण्यासारखा असतो, परंतु गोंगाट पुष्कळ आणि किमतीही चढ्या असतात. मी असतो, तर एकदाच गेलो असतो.

घोटभर

वरील शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. ज्यांना बसून, काचेच्या पेल्यातून वाइन घेत जेवायचे आहे त्यांच्यासाठी एरियापिटा अव्हेन्यू आणि आसपासचा वुडब्रुक हाच शहरातील सोयीचा भाग आहे. मधल्या वारी, रात्री आठच्या सुमारास गेल्यास गोंगाटाचा त्रासही होत नाही.

वाइनबाबत मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. त्रिनिदाद विषुववृत्तापासून सुमारे 10 अंश उत्तरेला आहे. वाइनच्या द्राक्षांना लागणारी थंडी तिथे पडत नाही, त्यामुळे द्राक्षमळे नाहीत आणि सगळी वाइन आयात केलेली व त्यामुळे महाग असते. तिथल्या जेवणात मिरची, जिरे आणि 'शाडो बेनी' या कोथिंबिरीसारख्या पण अधिक उग्र पाल्याचा वास असतो. अशा जेवणासोबत जड, लाकडी पिंपात मुरवलेली तांबडी वाइन घेतली की तिखट अधिकच झोंबते. थंडगार रोझे (गुलाबी वाइन), फेसाळती वाइन किंवा किंचित गोडसर पांढरी वाइन मागवावी. नाताळाच्या सुमारास घरोघरी सॉरेल, म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचे पेय करतात, आणि आले किंवा फळे आंबवून घरगुती वाइनही करतात. फेब्रुवारीत एखाद्या घरी त्यातली उरलेली बाटली निघाली, तर अवश्य चाखून पाहावी.

नाशिकमध्ये द्राक्षमळ्याला जे स्थान आहे ते तिथे रमच्या भट्टीला आहे, म्हणून तुम्ही लाव्हेंटिल येथील अँगोस्टुरा कंपनीची फेरी आधी नाव नोंदवून अवश्य करावी. जर्मन वैद्य योहान सीगर्ट यांनी 1824 साली व्हेनेझुएलातील अँगोस्टुरा गावी पोटाच्या विकारांवर औषधी अर्क तयार केला, आणि पुढे 1870च्या दशकात त्यांच्या मुलांनी हा व्यवसाय पोर्ट ऑफ स्पेनला आणला. हाच तो जगभरच्या बारमध्ये दिसणारा, बाटलीपेक्षा मोठे लेबल असलेला 'बिटर्स'. फेरीत रमचे प्रकार चाखायला मिळतात. त्यातील '1919' या रमच्या नावामागे एक हकीकत आहे : 1932 साली सरकारी रम कोठाराला आग लागली, तेव्हा वाचलेली, बाहेरून करपलेली पिंपे रम करणाऱ्या फर्नांडिस यांनी विकत घेतली आणि ती 1919 साली भरलेली निघाली. वाइनप्रमाणेच थोडी थोडी, पाण्याशिवाय चाखून पाहावी. व्हॅनिला आणि जळक्या साखरेची चव ओळखू येते. ज्यांना दारू नको त्यांनी कुठल्याही दुकानात 'एलएलबी' मागावे. लिंबू, सोडा आणि बिटर्सचे काही थेंब एवढेच त्यात असते, मात्र त्या थेंबांमध्येही मद्यार्क असतो हे कडक पथ्य असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

द्राक्षवेल_नाशिक

दोघांचेही मनापासून आभार. रमची फेरी नक्की ठरली. आता दोन शंका आहेत. भारतीय वंशाचे लोक इतके असताना शाकाहारी जेवण सहज मिळेल असे मी गृहीत धरले आहे, ते योग्य आहे का? आणि कोणी लाइमला बोलावले, तर काय घेऊन जावे व कसे वागावे?

अळूचेफतफते

शाकाहाराविषयी मी सांगते, कारण मी स्वतः शाकाहारी असून माझे सासर त्रिनिदादचे आहे.

मिळते, आणि फार सुरेख मिळते, पण विचारून खावे लागते. 30 मे 1845 रोजी 'फतेल रझाक' या जहाजातून करारबद्ध भारतीय मजुरांची पहिली तुकडी या बेटावर उतरली आणि 1917पर्यंत ही वाहतूक चालू राहिली. बहुतेक माणसे कलकत्त्याच्या बंदरातून, आजच्या बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातून गेलेली होती, त्यामुळे तिथल्या जेवणाची मुळे भोजपुरी आहेत. महाराष्ट्राशी त्याचा थेट संबंध नाही. सेंट जेम्स भागात बॉम्बे स्ट्रीट आहे, लखनौ आणि दिल्लीच्या नावाचेही रस्ते आहेत, आणि तिथल्या वेस्टर्न मेन रोडवर रात्री उशिरापर्यंत खाणे मिळते. परंतु तिथल्या पदार्थांची आपल्याकडच्या पदार्थांशी तुलना करत बसू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. पावणेदोनशे वर्षांत आफ्रिकी, चिनी, सीरियन, स्पॅनिश शेजाऱ्यांसोबत राहून ते जेवण त्याचे स्वतःचे झाले आहे. 'आमच्याकडे हे असे करत नाहीत' हे वाक्य तिथल्या आजीबाईंनी पाहुण्यांकडून फार वेळा ऐकलेले असते, आणि ते त्यांना लागते.

रोटीच्या दुकानात गेल्यावर धालपुरी घ्यावी. वाटलेली पिवळी डाळ भरलेली ती पातळ, मोठी रोटी असते आणि तिच्यात भाज्या गुंडाळून देतात. लाल भोपळा, चणा-बटाटा, 'बोडी' म्हणजे चवळीच्या लांब शेंगा, कैरीची 'तलकारी' आणि अळूच्या पानांची भाजी या सगळ्या एकत्र मागाव्यात. 'बस-अप-शट' ही चुरगाळलेली, पदर सुटलेली रोटी बसून खायची असेल तेव्हा घ्यावी. अळूच्या पानांना डाळीचे पीठ लावून तळलेली सहीना डबल्सच्या गाडीवरच मिळते. तिथे डाळीला फोडणी देण्याला 'चुंके' म्हणतात, आणि अख्खे जिरे व लसूण जवळजवळ काळे होईपर्यंत तळून ती देतात. हा करपटपणा मुद्दाम आणलेला असतो.

सावध राहायचे ते क्रिओल, म्हणजे मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या जेवणात. कॅलालू हे अळूची पाने, भेंडी आणि नारळाच्या दुधाचे दाट कालवण दिसायला पूर्ण शाकाहारी वाटते, पण त्यात खेकडा किंवा डुकराचे खारवलेले शेपूट घालण्याची पद्धत आहे. घेवडा आणि मसूर यांच्या कालवणातही तेच शेपूट असू शकते. भारतीय पद्धतीच्या पालेभाजीतही कधीकधी खारा मासा असतो. 'मांस आहे का' असे विचारल्यास 'नाही' असे उत्तर येईल, म्हणून खेकडा, मासा आणि शेपूट ही तिन्ही नावे घेऊन विचारावे. रास्ताफारी पंथाच्या लोकांची 'इटाल', म्हणजे त्यांच्या पंथाचे शाकाहारी जेवण देणारी दुकाने या बाबतीत निर्धास्त असतात.

एखाद्या हिंदू कुटुंबात पूजेचे आमंत्रण आले, तर कोणतेही दुसरे काम असले तरी जावे. सोहारीच्या रुंद पानावर भात, डाळ आणि सात भाज्या वाढतात, जेवण हाताने जेवतात आणि ते संपूर्ण शाकाहारी असते.

नकाशेवाला

सुरक्षिततेविषयी थोडेसे. शहरात गुन्हेगारी आहे आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. रात्री हॉटेलने किंवा ओळखीच्या माणसाने ठरवून दिलेल्या टॅक्सीनेच जावे-यावे, सव्हानाच्या अंधाऱ्या बाजूने चालू नये, आणि लाव्हेंटिलची फेरी दिवसा, गाडीने करून सरळ परत यावे.

दर्यावर्दी

लाइमविषयीच्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढा एकच नियम कडक आहे. बर्फाची पिशवी, बियर, रमची बाटली किंवा एखादा 'कटर', म्हणजे आपला चकणा, यांपैकी काहीही चालते. तुम्ही मसालेदार काजू किंवा चिवडा नेलात, तर तो पहिल्या दहा मिनिटांत संपेल. आठची वेळ सांगितली असेल, तर साडेआठनंतर जावे, आणि निघण्याची घाई करू नये.

यजमानांचे सहकारी बहुधा रविवारी 'रिव्हर लाइम'ला बोलावतील. काउरासारख्या नदीकाठी गाड्या लावून, दगडांच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात बदकाची करी शिजवतात. पाण्यात डुंबणे, गाणी आणि पत्ते यांत दिवस जातो. ते करी शिजवणे बहुधा पुरुष मंडळींकडे असते आणि त्यावरून बराच वाद चालतो. आपण बदक खात नसाल, तर संकोच न करता आदल्या दिवशी कळवावे. आपल्यासाठी चणा-बटाट्याचे वेगळे पातेले चढते, आणि त्यात कोणी उपकार केल्याचा भाव ठेवत नाही. कैरी किंवा अननसाच्या फोडींना मीठ, लसूण, मिरची आणि शाडो बेनी चोळून केलेला 'चाउ' तिथेच बनवतात. तो कापायला बसलात, की पाहुणेपण संपते.

एखाद्या शनिवारी सकाळी मराकासच्या किनाऱ्यावर जावे. डोंगरातला रस्ता सुंदर आहे आणि तिथे 'बेक' या तळलेल्या पावात शार्क मासा घालून देतात. शार्कची संख्या जगभर घटत आहे, म्हणून मी यजमानांना दुसरा मासा मागण्याचा आग्रह करीन. बहुतेक ठिकाणी तो मिळतो, आणि चिंच, लसूण, शाडो बेनीच्या चटण्या आपल्या हाताने घालून घ्यायच्या असल्यामुळे चवीत उणे पडत नाही. नुसत्या बेकमध्ये या चटण्या, कोबी आणि अननस घालून आपल्यालाही खाता येईल, फक्त मासे तळलेल्या तेलातच बेक तळतात का, ते आधी विचारावे.

राहण्याची जागा अजून ठरवली नसेल, तर ती आजच ठरवावी. कार्निव्हलच्या आठवड्यात खोल्यांचे दर कित्येक पटींनी वाढतात आणि बरीच हॉटेले ठरावीक रात्रींचे एकत्र आरक्षणच घेतात.