मदत हवी आहे: नवीन टाकी बांधली तर वरच्या वस्तीत पाण्याला प्रेशर येईल का?

इंदिरानगरची_मी

नमस्कार मंडळी, मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते पण प्रश्न माहेरचा आहे. गाव म्हणजे छोटं शहरच म्हणा, नगरपरिषद आहे, वस्ती ४२ हजारांच्या आसपास, इथून गाडीने तासाभरावर. नाव मुद्दाम लिहीत नाही, मला कुणाच्या मागे लागायचं नाहीये, मार्ग हवाय.

आमचं घर वरच्या अंगाला, तिथे साधारण तीनशे घरं. पाणी रोज पहाटे दीड तास येतं. खालच्या गल्लीत नळ सुटला की लोक पाईप लावून अंगण धुतात आणि त्याच वेळी आमच्याकडे करंगळीएवढी धार असते, तीही वर चढत नाही म्हणून दारात दीड फूट खड्डा खणून नळ त्यात घेतलाय. माझी आई ६८ वर्षांची आहे, पहाटे चारला उठून त्या खड्ड्यात वाकून तांब्याने हंडा भरते. मागच्या पावसाळ्यात तिथेच पाय घसरला, मनगटाला प्लास्टर होतं दीड महिना. मोटर लावून घेऊ म्हटलं तर म्हणते आपण ओढलं की पुढच्या घराचं जातं, ते नको. अर्ध्या वस्तीने टिल्लू पंप लावलेत तो भाग वेगळा.

नाशिकमध्ये मला हे कधी कळलंच नाही, कारण बिल्डिंगला खाली अंडरग्राउंड टाकी, वर गच्चीवर टाकी, वॉचमन मोटर चालू करतो आणि आपल्याला वाटतं पाणी असंच येतं. गंगापूर, दारणा, मुकणे अशी तीन धरणं शहराला पाणी देतात एवढं माहीत होतं, पण धरणापासून नळापर्यंत मध्ये काय काय असतं ते आता आईमुळे वाचायला लागले.

तर आता गावात पाण्याचा नवीन आराखडा होतोय आणि नागरिकांकडून सूचना मागवल्यात, महिनाभर वेळ आहे. सध्या दोन टाक्या आहेत, १० लाख आणि ४ लाख लिटरची. मोठ्या टाकीच्या शेजारीच, तेवढ्याच उंचीची १५ लाख लिटरची तिसरी बांधायची असं घाटतंय. सगळे खूश आहेत, टाकी झाली की प्रेशर आलंच म्हणतात. मला का कोण जाणे पटत नाहीये पण का पटत नाही ते सांगता येत नाही, मी कॉमर्सवाली. जुनी टाकी १५ मीटरच्या खांबांवर आहे, तिथून वस्तीपर्यंत १४०० मीटरची जुनी ४ इंची बिडाची लाईन आहे आणि भाच्याने लेव्हल काढून आणली त्यात वस्तीची जमीन टाकीच्या पायथ्यापेक्षा ६ मीटर वर निघाली. या माहितीवर कुणी सांगू शकेल का, की नवीन टाकीने फरक पडेल का? नसेल पडत तर काय मागायचं आणि कुठल्या शब्दांत, म्हणजे समोरचा ऐकून घेईल?

सातपूरकर

ताई, आधी आईंना नमस्कार सांगा. मी तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कामात काढली, आता रिटायर आहे. तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे.

टाकीत किती लाख लिटर मावतं याचा प्रेशरशी संबंध नाही. प्रेशर उंचीने येतं, १० मीटर उंच पाणी म्हणजे साधारण १ किलो प्रेशर, मग टाकी लाखाची असो की कोटीची. तुमच्या टाकीचा तळ १५ मीटरवर, वस्ती ६ मीटर वर, म्हणजे टाकी रिकामी होत आली की हातात राहतात ९ मीटर आणि तेही पाणी पाईपात उभं असताना. केंद्र सरकारच्या जुन्या पाणीपुरवठा मॅन्युअलमध्ये एकमजली घरासाठी नळजोडणीपाशी किमान ७ मीटर धरलेत, दुमजलीला १२, तीन मजल्यांना १७. म्हणजे दुमजलीचा विषय तिथेच संपला आणि एकमजलीसाठी पाईपात घासून जायला तुमच्याकडे २ मीटर उरतात.

आता पाईप बघा. तीनशे घरं म्हणजे पंधराशे माणसं, माणशी १३५ लिटरने दिवसाला दोन लाख लिटर. हे चोवीस तासांत सारखं वाहिलं तर सेकंदाला सव्वादोन लिटरच्या आसपास आणि त्यालाच तुमच्या जुन्या ४ इंचीत पावणेतीन-तीन मीटर जातात. तुम्ही तेच पाणी दीड तासात मागताय, म्हणजे सोळा पट वेगाने! पाणी दुप्पट धावलं की घर्षणाचा तोटा साडेतीन पटीच्या वर जातो, तेव्हा सोळा पटीचा हिशोबच करू नका, ४ इंचीतून ते पाणी जाणंच शक्य नाही. करंगळीएवढी धार येते तीच खरं तर कमाल आहे.

म्हणून दोन दुखणी वेगळी करून लिहा. साठवण कमी आहे हे खरंच आहे, पंधरा वर्षांनी ५८ हजार लोक धरले तर गळतीसकट रोज ९० लाख लिटरपर्यंत जाल, त्याच्या एक तृतीयांश साठवण हा पहिला ढोबळ अंदाज, म्हणजे ३० लाख. आहेत १४. तेव्हा १५ लाखांची टाकी मागणं चूक नाही, तिला विरोध करू नका, नाहीतर सगळं गाव तुमच्यावर उलटेल. जागा मात्र बदलून मागा. वरच्या अंगाला नगरपरिषदेची किंवा सरकारी मोकळी जागा बघा, तिथे टाकी घ्या, आणि वरची वस्ती तिच्यावर वेगळा झोन करून तोडा, म्हणजे मधल्या व्हॉल्व्हने खालच्या गल्ल्यांशी संबंध बंद. हे नाही केलं तर पाणी परत उताराला पळणार. पंपाला चार-सहा मीटर जास्त चढवावं लागेल, वीजबिल थोडं वाढेल, तेही स्वतःहूनच लिहा.

आणि टाकी होईपर्यंत दोन-तीन वर्षं जातील, तोवर लाईन बदला म्हणा. ४ च्या जागी ८ इंची टाकली तर तेवढ्याच पाण्याला तोटा जवळजवळ २९ पट कमी होतो. ६ इंचीलाही सात पट. सोबत पाण्याचा वेळ वाढवायला हवा, दीड तासात सगळ्यांनी नळ उघडले की ८ इंचीचीसुद्धा दमछाक होईल.

पण कागद द्यायच्या आधी गेज लावून मोजा. ० ते ४ किलोचं प्रेशर गेज घ्या, अंबड-सातपूरच्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळेल, नळाला बसेल असा निप्पल लावून घ्या. टाकीपासून वस्तीपर्यंत सहा-सात घरी एकाच पहाटे, पाणी सुरू असताना मोजायचं आणि त्या वेळी टाकीत पाणी किती होतं तेही लिहायचं. प्रेशर हळूहळू उतरत गेलं तर पाईप लहान किंवा आतून गंजलेला. एकाच टप्प्यात धाडकन पडलं तर मध्ये काहीतरी अडकलंय.

गोदाकाठ

सातपूरकर काकांनी सगळं सांगितलंच. टिल्लू पंपाबद्दल एक भर, लाईनमध्ये प्रेशर नसताना मोटर ओढते तेव्हा जोडाच्या फटीतून बाहेरचं पाणीही आत येतं, शेजारी गटार असेल तर गटाराचं. वस्तीत हे समजावून सांगा, दुसऱ्याचं पाणी जातं म्हणून नाही थांबले तरी मुलांच्या पोटासाठी थांबतील. आणि एपानेट नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात अख्ख्या गावाचं पाईपांचं जाळं टाकून बघता येतं. इथल्या कॉलेजांत सिव्हिलची शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टचे विषय शोधतच असतात, विचारून बघा.

इंदिरानगरची_मी

काका, खूप खूप आभार, तुमचं उत्तर मी आईला फोनवर वाचून दाखवलं, ती म्हणाली यांना जेवायला बोलव.

रविवारी गेज घेऊन गेलो होतो. एकच गेज पुरलं नसतं, म्हणून भाच्याच्या मित्राने अजून तीन आणले आणि पाच वाजता सुरू केलं, बायका आपापल्या दारात कंदिलासारखे मोबाईल धरून उभ्या होत्या, आकडा ओरडून सांगत होत्या. टाकीत तेव्हा दोन मीटर पाणी होतं. पायथ्याशी १.६, बाजार चौकात १.२, तिथवर ठीकच ना? चौकापासून शाळेपर्यंत जेमतेम अडीचशे मीटर अंतर आहे आणि जमीन फक्त मीटरभर चढते, तरी शाळेपाशी ०.६ आलं. पुढे वस्तीच्या तोंडाशी ०.३ आणि आमच्या दारात काटा हललाच नाही.

म्हणजे तुम्ही म्हणालात तसं चौक ते शाळा मध्येच धाडकन पडतंय. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या दादांना विचारलं, ते मनापासून बोलले, म्हणाले तिथे एक जुना व्हॉल्व्ह होता, सहा-सात वर्षांपूर्वी सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा चेंबर खाली गेलं, तेव्हापासून त्याला कुणाचा हात लागलेला नाही, अर्धा बंद राहिला असेल तर सांगता येत नाही. लाईन लहान आहे हे कळलंय आणि टाकीच्या जागेचं तुम्ही सांगितलंत तसंच सूचनेत लिहितेय, पण हा व्हॉल्व्ह सापडला तर निदान एवढा उन्हाळा आईचा बरा जाईल.

नवीन रस्ता अंदाजाने फोडायला कुणी परवानगी देणार नाही. सिमेंटखालचं लोखंडी झाकण नेमकं कुठे आहे ते वरून शोधायचं मशीन असतं म्हणतात, ते नाशिकमध्ये एक दिवसासाठी भाड्याने कुठे मिळेल का आणि चालवायला माणूस सोबत येतो का? रस्त्यात सळई असेल तर ते मशीन फसतं का?