सेक्शनची (पायदळाच्या छोट्या तुकडीची) एलएमजी (हलकी मशीनगन): मॅगझिन की गोळ्यांचा पट्टा?

माणदेशी: 2020 ला 16,479 नेगेव एनजी-7 या पट्ट्यावर चालणाऱ्या इस्रायली एलएमजींचा 880 कोटींचा करार झाला, तेव्हापासून साताऱ्यात कुठल्याही कट्ट्यावर एकच सूर, मॅगझिनचा जमाना गेला. मला पटत नाही. ब्रेन ही जुनी ब्रिटिश एलएमजी बघा. चेकोस्लोव्हाकियाची झेडबी 26 घेऊन एनफिल्डच्या ब्रिटिश शस्त्र कारखान्याने तिला .303 काडतुसासाठी बदललं. मॅगझिन वर, त्यामुळे गन जमिनीला चिकटून राहते आणि नंबर दोन (गनरचा साथीदार) आडवा पडूनच मॅगझिन बदलतो. साइट तेवढी डावीकडे सरकवावी लागली. उलट म्हसवडच्या धुळीत उघडा पट्टा ओढून बघा, माती थेट फीड ट्रेमध्ये, म्हणजे पट्टा गनमध्ये शिरतो तिथे!

कराडकर: अहो, मॅगझिन 30 चं, भरायच्या 28. काडतुसाची कडा दुसऱ्याच्या मागे गेली की अडकलंच. मिनिटाला 500 च्या वेगाने त्या साडेतीन सेकंदांत संपतात. समोरच्याला डोकं वर काढायला तेवढीच फट पुरते.

माणदेशी: सलग दाबून कोण धरतो? बर्स्ट चार-पाच गोळ्यांचा. आणि कडेचा दोष .303 चा, ब्रेनच्याच 7.62 च्या भारतीय अवतारात, 1बी मध्ये, तो उरलाच नाही. खरी मर्यादा बॅरलची. वेगवान फायरमध्ये दहा मॅगझिन गेली की ब्रेनची बॅरल बदलायची: लॅच उचला, हँडल धरून काढा, दुसरी बसवा. रशियन आरपीके एलएमजीला ती सोयच नाही, मग 75 चा ड्रम लावून काय मिळवलं?

मिरजकर: बेल्जियन मिनिमी एलएमजीत मॅगझिन आणि पट्टा दोन्ही चालतात, पण दोन दगडांवर पाय. पट्टा ओढण्यात बोल्टची (गोळी बॅरलमध्ये ढकलणाऱ्या भागाची) ताकद खर्च होते. मॅगझिन लावलं की तो भार जातो, वेग वाढतो, मॅगझिनची स्प्रिंग वेळेत गोळी वर आणू शकत नाही. बोल्ट रिकामाच पुढे.

कराडकर: म्हणूनच म्हणतो, पट्टाच ठेवा. धुळीला पाऊच आहे. बॅरल नेगेवचीही बदलते, आणि वजन आठ किलोच्या आसपास. ब्रेन दहाच्या घरात.

माणदेशी: वजन मान्य. पण पट्टा ओढायचा म्हणजे गोळी सुटताना होणारा, पिस्टन मागे ढकलणारा गॅस पुरेसा हवा. कार्बन साचला, पिस्टन पूर्ण मागे आला नाही की पट्टा अर्ध्यात. मग कव्हर उघडा, पट्टा काढा, ट्रे बघा, वाकलेली लिंक (पट्ट्याची कडी) शोधा. ब्रेनमध्ये कॉक करा, मॅगझिन बदला; तरी थांबली तर गॅसचा रेग्युलेटर मोठ्या छिद्रावर. रात्री हातमोजे घालून यातला कुठला फौरी इलाज आधी होतो, तेवढं सांगा.